ह्युगो वीव्हिंग : चेहरा झाकला तरी उरणारा नट

कातरवेळ :

नमस्कार मंडळी. या माणसाबद्दल लिहायचं खूप दिवस डोक्यात होतं. इथे मेट्रिक्सवर, लॉर्ड ऑफ द रिंग्जवर धागे निघतात, त्यात एखाददुसरी ओळ याच्या वाट्याला येते, 'तो मेट्रिक्समधला गॉगलवाला खलनायक स्मिथ झालेला', 'तो रिंग्जमधला एल्फ एल्रॉन्ड झालेला', आणि गाडी पुढे जाते. म्हणून हा स्वतंत्र धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ह्युगो वीव्हिंग हा असा नट आहे की त्याच्या चेहऱ्यावर मुखवटा चढवा, तोंडाला लाल रबर फासा, नाहीतर माणूसच गाळून टाकून त्याचा आवाज एका कुत्र्याच्या तोंडी घाला, भूमिका तेवढीच उभी राहते. आणि गंमत म्हणजे ज्या सिनेमांत त्याचा उघडा चेहरा सगळ्यात जास्त बोलतो ते सगळे छोटे ऑस्ट्रेलियन सिनेमे आहेत, जे आपल्याकडे जवळजवळ कोणी बघितलेलेच नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच हाताच्या आहेत असं मला वाटतं, आणि ते सांगायलाच हा खटाटोप.

जन्म ४ एप्रिल १९६०, नायजेरियातल्या इबादानमध्ये. आईवडील इंग्रज, वडील भूकंपशास्त्रज्ञ, त्यामुळे बिऱ्हाड पाठीवर. दक्षिण आफ्रिका झाली, इंग्लंड झालं, ब्रिस्टलला शाळा झाली, आणि १९७६ मध्ये सोळाव्या वर्षी सिडनी. तिथे नॉक्स ग्रामर शाळा (ह्यू जॅकमनही पुढे याच शाळेत होता) आणि मग नायडा, म्हणजे तिथली राष्ट्रीय नाट्यशाळा, तिथून १९८१ ला बाहेर पडला. आता विचार करा, ज्या वयात पोरगं नव्या वर्गात गेलं की पहिल्यांदा ते बोलतं कसं याकडेच सगळे बघतात, त्या वयात हा पोरगा तीन खंड फिरला. त्याचा कान तिथे तयार झाला असणार असं मला राहून राहून वाटतं, कारण पुढे त्याने प्रत्येक भूमिकेची बोली वेगळी बांधलीय आणि कुठलीच उसनी वाटत नाही.

पहिलं मोठं नाव झालं ते १९८४ च्या 'बॉडीलाइन' मालिकेने, ऑस्ट्रेलियाच्या चॅनल टेनवर. १९३२-३३ ची ती कुप्रसिद्ध अ‍ॅशेस, ब्रॅडमनला रोखायला इंग्लंडने अंगावर टाकलेली बोलिंग, आणि इंग्लंडचा कॅप्टन डग्लस जार्डीन. ब्रॅडमन झाला होता गॅरी स्वीट, आणि अख्खा ऑस्ट्रेलिया ज्याच्या नावाने बोटं मोडत होता तो जार्डीन झाला चोवीस वर्षांचा वीव्हिंग. म्हणजे ज्या देशात येऊन त्याला जेमतेम आठ वर्षं झाली होती त्या देशाचा सगळ्यात मोठा खलनायक त्याने तिथल्याच टीव्हीवर केला, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याचा जार्डीन आरडाओरडा करत नाही. मान ताठ, ओठ जेमतेम हलतात, शब्द मात्र एकेक तोडून येतो. पंधरा वर्षांनी मेट्रिक्समध्ये हेच सगळं गॉगल लावून परत आलं असं म्हणायला हरकत नाही.

ही मालिका केनेडी मिलर कंपनीची, म्हणजे 'मॅड मॅक्स'वाल्या जॉर्ज मिलरची. हा धागा लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच कंपनीची 'द डर्टवॉटर डायनॅस्टी' (१९८८), निकोल किडमनबरोबरची 'बँकॉक हिल्टन' (१९८९), मग 'बेब' (१९९५) आणि 'हॅपी फीट' (२००६), सगळीकडे हा आहे. त्याच्या आवाजाचं काय करता येईल हे हॉलिवूडच्या आधी त्यांना कळलं होतं.

मग १९९१ चा 'प्रूफ'. जोसलिन मूरहाउसचा सिनेमा, मेलबर्नमध्ये घडतो, आणि यात कोवळा रसेल क्रो आहे. वीव्हिंग झालाय मार्टिन, जन्मापासून आंधळा, आणि हा मार्टिन फोटो काढतो. दिसत नाही तर फोटो कशाला? तर त्याचा कोणावरच विश्वास नाही. लहानपणी आई खिडकीपाशी बसून त्याला सांगायची की बागेत काय काय दिसतंय, कोणीतरी पानं गोळा करतंय वगैरे, आणि त्याला पक्कं वाटायचं की आई खोटं बोलतेय. म्हणून मोठेपणी फोटो काढायचे, दुसऱ्या कोणाकडून त्यात काय आहे ते वर्णन करून घ्यायचं, ते ब्रेलमध्ये टाइप करून फोटोच्या मागे चिकटवायचं. पुरावा. इथे वीव्हिंगला डोळे वापरायची सोय नाही, समोरच्याकडे बघता येत नाही, तरी तो ऐकताना दिसतो. कोणी खोटं बोललं की त्याच्या जबड्यात कुठेतरी काहीतरी आवळतं. त्याला ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचं पहिलं बेस्ट अ‍ॅक्टर यासाठीच मिळालं.

'प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट' (१९९४) बहुतेकांना ऐकून माहीत असेल, सिडनीहून जांभळ्या बसमधून वाळवंटातून अ‍ॅलिस स्प्रिंग्जला निघालेले तीन ड्रॅग कलाकार, टेरेन्स स्टॅम्प, गाय पिअर्स आणि हा. कपड्यांना ऑस्कर मिळालं, लोकांना ते पिसांचे मुकुट आणि चपलांचा ड्रेस आठवतो, मला मात्र आठवतो तो टिकचा, म्हणजे वीव्हिंगचा, घाबरलेला चेहरा, आपल्या लहान मुलाने आपल्याला स्टेजवर असं बघितलं तर त्याला काय वाटेल या भीतीने गळपटलेला बाप.

१९९८ चा 'द इंटरव्ह्यू', क्रेग मोनाहनचा. एक खोली, एक टेबल, पोलिसांनी पहाटे दार फोडून उचलून आणलेला माणूस, आणि प्रश्न. पहिला अर्धा तास तुम्ही त्याच्यासाठी हळहळता. मग एके ठिकाणी त्याचा आवाज बदलतो, थोडासाच, आणि पोटात गोळा येतो. दुसरं बेस्ट अ‍ॅक्टर. तिसरं २००५ मध्ये 'लिटल फिश'साठी.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मेट्रिक्स (१९९९, शूटिंग सिडनीतच), लॉर्ड ऑफ द रिंग्ज, 'व्ही फॉर व्हेंडेटा', 'ट्रान्सफॉर्मर्स'मधल्या खलनायक रोबोचा, मेगाट्रॉनचा आवाज, 'कॅप्टन अमेरिका'तला लाल कवटीच्या तोंडाचा खलनायक रेड स्कल. रेड स्कलची बोली त्याने व्हर्नर हर्झॉग आणि क्लाउस मारिया ब्रॅन्डाउअर यांच्या बोलण्यावरून बेतली होती, असं त्यानेच सांगितलंय.

पण इतकं सगळं होऊनही घर सिडनीतच राहिलं, आणि दर एक-दोन वर्षांनी सिडनी थिएटर कंपनीच्या नाटकात उभा राहणं चालूच राहिलं. मला हा माणूस म्हणून फार आवडतो तो यासाठी.

तुम्ही काय काय बघितलंय? लिहा.

मिडऑन :

उत्तम धागा! बॉडीलाइनचा उल्लेख केलात म्हणून लगेच लॉगिन केलं.

जार्डीन आपल्या मुंबईचा, मलबार हिलवर जन्म, १९०० साली, वडील बॉम्बेचे अ‍ॅडव्होकेट जनरल. आणि बॉडीलाइननंतर वर्षभरातच, डिसेंबर १९३३ ला, भारताच्या भूमीवरची पहिली टेस्ट बॉम्बे जिमखान्यावर झाली तेव्हा इंग्लंडचा कॅप्टन हाच होता. सी. के. नायडू आपले कॅप्टन, लाला अमरनाथने पदार्पणात ११८ ठोकले, तरी आपण ९ विकेट्सनी हरलो.

मला जार्डीनबद्दल नेहमी हे सांगावंसं वाटतं की तो नुसता दुष्ट नव्हता. १९३३ मध्येच ओल्ड ट्रॅफर्डला वेस्ट इंडिजच्या कॉन्स्टंटाइन आणि मार्टिन्डेलने त्याला तसलीच बोलिंग टाकली, आणि हा पाय रोवून उभा राहिला, १२७ काढल्या, त्याची एकमेव टेस्ट सेंच्युरी. जे दुसऱ्याला दिलं ते स्वतः झेललं, तक्रार नाही. वीव्हिंगच्या जार्डीनमध्ये हा ताठा आहे. तो खलनायक म्हणून बॅटिंगला येत नाही, त्याला मनापासून वाटत असतं की तो बरोबर आहे.

गवतीचहा :

"ऐकताना दिसतो" हे किती नेमकं लिहिलंय! प्रूफ बघितलाय, युट्यूबवर कुठेतरी चकटफू मिळाला होता तेव्हा. त्यातला शेवटचा तो बागेच्या फोटोचा सीन... (ज्यांना बघायचाय त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडा) त्याने लहानपणी काढलेला पहिला फोटो त्याने इतकी वर्षं कोणालाच दाखवलेला नसतो, कारण त्यात काय आहे हे कळलं तर आई खोटं बोलत होती की नाही याचा निकाल लागणार. तो फोटो रसेल क्रोच्या हातात देताना त्याचा हात पुढे येतो, पण बोटं सुटत नाहीत. मी तेवढंच परत परत बघितलं.

लूपनंबरसात :

मी मुंबईत डबिंग करते, हिंदी आणि मराठी दोन्ही, त्यामुळे या विषयावर बोलायला हात शिवशिवतायत.

व्ही फॉर व्हेंडेटाबद्दल बोलते, त्यात वीव्हिंग झालाय व्ही, जो सिनेमाभर मुखवटा घालून वावरतो. लोकांना वाटतं की मुखवटा आहे म्हणजे आवाजवाल्याचं काम सोपं, ओठ जुळवायला नको. खरं म्हणजे उलटं आहे. आम्ही लूप घेतो, म्हणजे सिनेमाचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा लावून त्यावर संवाद बोलतो, तेव्हा पडद्यावरचे ओठ आम्हाला आधार देतात, कुठे श्वास घ्यायचा, कुठे वाक्य तोडायचं, हे ओठांवरून कळतं. बघणाऱ्यालाही ओठ हलले की पटतं की हाच बोलतोय. मुखवट्यात ते काहीच नाही. आवाज हवेत तरंगायला लागतो, जसं काही शेजारच्या खोलीतून रेडिओ चालू आहे. मग काय करायचं? तर बोलताना मान, खांदे, हात यांनी प्रत्येक शब्दाची जागा दाखवून द्यायची. व्ही आणि नॅटली पोर्टमन पहिल्यांदा गल्लीत भेटतात तो प्रसंग बघा, तो स्वतःची ओळख करून देतो आणि जवळजवळ प्रत्येक शब्द व्ही अक्षराने सुरू होतो, केवढं लांबलचक भाषण आहे ते. बहुतेक नटांनी ते धडाधड म्हणून टाकलं असतं, जीभ कशी वळते ते दाखवायला. हा म्हणतो तेव्हा त्यात एक एकटा माणूस आहे ज्याला कित्येक वर्षांत बोलायला कोणी भेटलेलं नाही.

आणि सेटवर मुखवट्यामुळे आवाज दबत होता, म्हणून त्याचे संवाद नंतर स्टुडिओत परत रेकॉर्ड केले गेले. म्हणजे शरीर एकदा आणि आवाज दुसऱ्यांदा. शिवाय ही भूमिका आधी जेम्स प्युअरफॉय करत होता, तो काही आठवड्यांनी बाहेर पडला आणि हा आला, त्यामुळे काही शॉट्समध्ये अंग प्युअरफॉयचं आणि आवाज याचा आहे. सांधा सापडत नाही कुठे. मी शोधलाय.

स्टेपनी :

धागा आवडला, पण मेगाट्रॉनला यात ओढू नका राव. स्टुडिओत प्रोसेस केलेला आवाज, खाली दहा थर, वरून धातूचा खरखराट, तिथे कोणीही बसला असता तरी चाललं असतं. आणि त्याने स्वतःच नंतर मुलाखतीत सांगितलं की त्याला त्या कामाबद्दल काहीही वाटलं नाही, दिग्दर्शक मायकल बेला तो कधी प्रत्यक्ष भेटलासुद्धा नाही, फोनवर काय ते बोलणं. आमच्यासारखे जे जुन्या कार्टूनवर वाढलेत त्यांच्यासाठी मेगाट्रॉन म्हणजे फ्रँक वेल्कर. त्याला डावलून फक्त नावासाठी याला घेतलं. पाचव्या सिनेमात शेवटी वेल्करलाच आणावं लागलं ना.

कातरवेळ :

@स्टेपनी, वेल्करबद्दल पूर्ण सहमत, त्याच्यावर अन्याय झाला. पण वीव्हिंगचं ते बोलणं मला त्याच्या बाजूचं वाटतं. नट मंडळी एवढ्या मोठ्या सिनेमाबद्दल सहसा गोड बोलून मोकळी होतात. त्याने सरळ सांगितलं की स्क्रिप्टशी, दिग्दर्शकाशी, सहकलाकाराशी माझं काही नातंच जुळलं नाही, मग मला त्यात काय वाटणार. त्याच्या लेखी आवाज म्हणजे गळ्यातून काढून द्यायची वस्तू नाही. त्याला समोर कोणीतरी लागतं.

@मिडऑन, "त्याला मनापासून वाटत असतं की तो बरोबर आहे" हे स्मिथलाही लागू आहे. मॉर्फियसला खुर्चीला बांधलंय आणि हा गॉगल काढून, कानातलं काढून त्याच्याशी बोलतो, की मला या जागेचा वास सहन होत नाही, मला इथून बाहेर पडायचंय. त्या क्षणी तो प्रोग्रॅम राहत नाही. सूट घालून रोज नको त्या ऑफिसात जाणाऱ्या कोणाचाही तो संताप आहे.

लूपनंबरसात :

@स्टेपनी, एक सांगू का, प्रोसेस केलेल्या आवाजाखालीसुद्धा नट कळतो. मशीन आवाजाचा पोत बदलतं, तोल बदलत नाही. वाक्यात कुठे थांबायचं, कुठला शब्द दाबायचा, हे माणसाचंच राहतं. पण तू म्हणतोस तेही खरं, की या कामात त्याला थांबायला जागाच दिलेली नाही, सगळं ओरडणं.

खरा आवाजी अभिनय बघायचा तर 'बेब', मेंढरं राखायला शिकणाऱ्या डुकराच्या पिल्लाचा सिनेमा. त्यात रेक्स कुत्र्याचा आवाज वीव्हिंगचा आहे.

झुंबर :

अगं बाई बेब!! रेक्स हा आहे हे मला माहीतच नव्हतं! माझ्या मुलीबरोबर किती वेळा बघितलाय तो सिनेमा.

लूपनंबरसात :

@झुंबर, हो, रेक्स तोच. फ्लाय कुत्रीचा आवाज मिरियम मार्गोलिस, आणि बेबचा आवाज क्रिस्टीन कॅव्हना. सिडनीच्या दक्षिणेला रॉबर्टसन नावाचं गाव आहे तिथे शूटिंग झालं, दिग्दर्शक क्रिस नूनन, व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. खरे प्राणी, काही ठिकाणी यांत्रिक बाहुल्या, आणि तोंडं कॉम्प्युटरवर हलवलेली. पण कुत्र्याच्या तोंडाला माणसासारखे ओठ नसतात, जेमतेम जबडा उघडमीट करतो, म्हणजे भावना दाखवायचा सगळा भार आवाजावर.

रेक्सची गोष्ट आठवतेय ना? तो मेंढरं राखणारा जातिवंत कुत्रा, त्याला मेंढ्या म्हणजे मूर्ख जनावरं वाटतात. पण एका पुरात तो मेंढ्यांना सोडून न जाता तिथेच थांबलेला असतो, आजारी पडतो, आणि त्याची ऐकण्याची शक्ती बरीचशी जाते. मग मोठ्या स्पर्धेत त्याला मालकाच्या हाका ऐकूच येत नाहीत आणि तो हरतो. त्याचा सगळा कडवटपणा तिथला. आता शेवटी बेब स्पर्धेत अडकलाय, तिथल्या मेंढ्या अनोळखी, त्याचं ऐकत नाहीत, तेव्हा रेक्स धावत शेतावर येतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मेंढ्यांशी नीट बोलतो, त्यांचा परवलीचा शब्द मागतो. आणि मेंढ्या हळू बोलतात तर त्याला सांगावं लागतं की जरा मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं.

जे त्याने सगळ्यांपासून लपवलं, ज्याच्यामुळे त्याचा अभिमान मोडला, ते तो मेंढ्यांना सांगतो. ती एक ओळ वीव्हिंगने कशी म्हटलीय ते ऐका. हुंदका नाही, थरथर नाही, उलट जरा घाईत आणि किंचित खालच्या पट्टीत, जसं अवघड गोष्ट सांगताना माणूस पटकन उरकतो. आम्हाला नव्या मुलामुलींना शिकवताना सगळ्यात कठीण हेच जातं, सगळे भावना आली की आवाज ओला करतात. मी त्यांना ही ओळ ऐकवते.

उंबरठा :

वरचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले. ऐकू न येणारा रेक्स मला असा कधी दिसलाच नव्हता.

याला जोडून एक सांगते. वीव्हिंगला स्वतःला तेराव्या वर्षी पहिल्यांदा फिट आली, एपिलेप्सी आहे त्याला, आणि त्यामुळे तो गाडी चालवत नाही. त्याने हे कधी लपवलं नाही. आमच्या घरी फिट्स येणारं माणूस आहे. लग्नाच्या वेळी लपवा, नोकरीत सांगू नका, शेजाऱ्यांना कळायला नको, हे सगळं आम्ही ऐकलंय आणि भोगलंय. मुलाला जेव्हा कळलं की एल्रॉन्डला पण फिट्स यायच्या तेव्हा तो काही बोलला नाही, पण नंतर त्याने शाळेत स्वतःहून मित्राला सांगितलं. आमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

कातरवेळ :

@उंबरठा, तुमच्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. खूप धीर लागतो याला.

पॅरामाटाकर :

सिडनीहून लिहितोय. 'लिटल फिश'चं नाव घेतलंत म्हणून. तो सिनेमा आमच्या इकडच्या कॅब्रामॅटा भागातला आहे, व्हिएतनामी लोकांची मोठी वस्ती, आता तिथे लोक फो (व्हिएतनामी नूडल्सचं सूप) खायला आणि भाजी घ्यायला लांबून येतात पण नव्वदच्या दशकात ते नाव घेतलं की लोकांना फक्त हेरॉइन आठवायचं. केट ब्लँचेट त्यातून बाहेर पडलेली मुलगी आणि वीव्हिंग तिच्या आईचा जुना जोडीदार, एकेकाळचा रग्बीचा स्टार, आता पूर्ण नशेत गेलेला. इकडच्या माणसाला त्यात काय दिसतं सांगतो, तो ज्या पद्धतीने सोफ्यावर बसतो, मोठं खेळाडूचं शरीर आणि त्यात काहीच शिल्लक नाही. असे लोक इथे दिसतात.

आणि हो, नाटकं. मी २०१४ चा मॅकबेथ बघितलाय. प्रेक्षकांना स्टेजवर बसवलं होतं आणि नट रिकाम्या प्रेक्षागृहाच्या बाजूला. म्हणजे आपल्या समोर शेकडो रिकाम्या खुर्च्या, अंधार, आणि त्याच्यापुढे हातभर अंतरावर वीव्हिंग. माईकवर मारलेलं गर्जणं नाही. एवढं जवळ असल्यावर मला जाणवलं की तो वाक्य संपल्यावरही श्वास पूर्ण सोडत नाही, पुढचा विचार त्या उरलेल्या श्वासावर धरून ठेवतो. हे थिएटरात मागच्या रांगेत बसून कधीच कळलं नसतं.

तिसरी_घंटा :

@पॅरामाटाकर, हेवा वाटतोय तुमचा!

रंगभूमीची यादी मी पूर्ण करते. २००४ 'हेडा गॅबलर', ब्लँचेट हेडा आणि हा जज ब्रॅक, ते नंतर न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्येही गेलं. २०१० 'अंकल वान्या', ब्लँचेट, रिचर्ड रॉक्सबर्ग आणि डॉक्टर अ‍ॅस्ट्रोव्ह म्हणून वीव्हिंग, तेही वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क फिरलं. २०१३ 'वेटिंग फॉर गोदो', रॉक्सबर्गबरोबर, २०१५ मध्ये लंडनला बार्बिकनमध्ये. त्याच वर्षी 'एंडगेम'. २०१८ ला 'आर्तुरो उई', २०१९ ला 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ'मध्ये बिग डॅडी. या वर्षांत तो मार्व्हल आणि हॉबिटही करत होता हे लक्षात घ्या.

म्हणूनच मेट्रिक्सच्या चौथ्या भागात तो का नाही याचं उत्तर मला फार आवडतं. त्याला विचारलं होतं, पण तेव्हा लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 'द व्हिजिट' ठरलेलं होतं, टोनी कुशनरने केलेलं रूपांतर, लेस्ली मॅनव्हिलबरोबर. तारखा जुळेनात आणि स्मिथ दुसऱ्या नटाकडे गेला. ते नाटक २०२० च्या फेब्रुवारीत लागलं आणि मार्चमध्ये करोनामुळे थिएटरं बंद. म्हणजे प्रयोग थोडेच झाले. पण मला नाही वाटत की त्याला हळहळ वाटली असेल. दिलेली तारीख ती तारीख. आमच्या हौशी ग्रुपमध्ये मालिकेत चार दिवसांचं काम मिळालं की तालीम सोडून जाणारे बघितलेत मी, म्हणून हे जास्त भिडतं.

मिडऑन :

मार्व्हलचं पण तसंच ना? रेड स्कल परत आला तेव्हा आवाज आणि अंग दुसऱ्याचंच होतं.

कातरवेळ :

@मिडऑन, हो, रॉस मार्क्वांड. त्यामागे पैशांचा भाग होता, वीव्हिंगने सांगितलंय की पुढच्या सिनेमांसाठी आधी ठरलं होतं त्यापेक्षा कमी पैसे देऊ केले, एजंटमार्फत बोलणं काही पुढे सरकेना, आणि त्यालाही परत करायची फार ओढ नव्हती. मला यात काही वावगं वाटत नाही. तासन् तास रबर चढवून बसायचं तर मोबदला तरी ठरलेला मिळावा.

स्टेपनी :

बरं, मेगाट्रॉन सोडून बोलतो. 'हॅकसॉ रिज' (२०१६) मध्ये तो अँड्र्यू गारफिल्डचा बाप आहे, पहिल्या महायुद्धातून परत आलेला, दारूत बुडालेला, पोरांना आणि बायकोला मारणारा. मी युद्धपट म्हणून बघायला गेलो आणि युद्धाइतकाच हा बाप लक्षात राहिला. लढाईत गेलेल्या मित्रांच्या कबरींपाशी उभा राहून तो त्यांच्याशीच बोलतो, आणि मुलगा सैन्यात जातोय कळल्यावर रागावतो तो राग खरा म्हणजे भीती आहे. मग तोच जुना युनिफॉर्म चढवून मुलाला कोर्टमार्शलमधून वाचवायला जातो. त्याला सहाय्यक अभिनेत्याचं आक्टा (ऑस्ट्रेलियाचा मोठा सिनेपुरस्कार) मिळालं त्यासाठी, आणि आदल्या वर्षी 'द ड्रेसमेकर'मधल्या पोलिसासाठी मिळालं होतं. म्हणजे एका वर्षी रेशमी कापडावर जीव असलेला, चोरून बायकांचे कपडे घालणारा सार्जंट, दुसऱ्या वर्षी हा बाप. दोन्ही ऑस्ट्रेलियात शूट झालेले. याबाबतीत मी तुमच्याच पक्षात आहे धागाकर्त्या ताई.

गवतीचहा :

बापांची यादी करायची तर 'पॅट्रिक मेलरोज' (२०१८) पण घ्या, कंबरबॅचचा बाप. पण आधीच सांगते, मुलांवरच्या अत्याचाराचा विषय आहे, ज्यांना त्रास होतो त्यांनी बघू नका. तिथे तो आवाज अजिबात चढवत नाही आणि घरातला प्रत्येक माणूस श्वास रोखून असतो. मला तो बघून झोप लागली नव्हती.

आणि अलीकडचं म्हणजे 'स्लो हॉर्सेस'चा चौथा सीझन (२०२४), फ्रँक हार्कनेस, अमेरिकन. पुन्हा नवी बोली, पुन्हा बेमालूम.

झुंबर :

मुलीला सांगितलं की रेक्स आणि हॅपी फीटमधला तो कडक म्हातारा पेंग्विन नोआ एकच माणूस आहे. ती आता कॉलेजात आहे, ती म्हणाली आई, दोघंही सुरुवातीला नियम नियम करतात ना. खरंच की! नोआ म्हणतो नाचणाऱ्या पिल्लामुळे मासे गेले, रेक्स म्हणतो डुकराने डुकरासारखं राहावं. दोन्ही ठिकाणी परंपरा राखणारा म्हातारा, आणि दोन्ही ठिकाणी त्याला नुसतं वाईट ठरवलेलं नाही.

लूपनंबरसात :

@झुंबर, मुलीचं निरीक्षण फार भारी. अ‍ॅनिमेशनमध्ये तर आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्र त्याच्यावर बसवतात, म्हणजे नोआ कुठे थबकतो, कुठे मान वर करतो, याची पहिली रेघ त्या रेकॉर्डिंगमध्येच असते. हॅपी फीटला २००७ मध्ये अ‍ॅनिमेशनचं ऑस्कर मिळालं, आणि ते कामसुद्धा सिडनीत झालेलं, अ‍ॅनिमल लॉजिक स्टुडिओत. त्याला घरापासून फार लांब जावंच लागलं नाही बघा.

पॅरामाटाकर :

अजून एक आवाजाचं काम कोणी लिहिलं नाही, 'द मॅजिक पुडिंग' (२०००). इथल्या मुलांच्या जुन्या लाडक्या पुस्तकावरून केलेलं अ‍ॅनिमेशन. वीव्हिंग, जेफ्री रश, सॅम नील आणि पुडिंगच्या आवाजात जॉन क्लीझ. सिनेमा ठीकठाक आहे, पण इथली लहान मुलं असलेली मराठी कुटुंबं असतील तर लायब्ररीत डीव्हीडी मिळते का विचारा. मुलांना इथली बोली कानावर पडते.

तिसरी_घंटा :

वाचनखूण साठवली आहे. या शनिवारी आमच्या ग्रुपला 'द इंटरव्ह्यू' दाखवणार आहे, एका खोलीत दीड तास कसा धरून ठेवायचा हे शिकायला. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा), आणि याच धर्तीवर ऑस्ट्रेलियन अभिनेत्री टोनी कोलेटवर कोणीतरी लिहा.

कातरवेळ :

@तिसरी_घंटा, नक्की दाखवा, आणि बघून झाल्यावर इथे येऊन सांगा की तुमच्या ग्रुपमधल्या किती जणांना एडी फ्लेमिंग, म्हणजे त्यातला वीव्हिंग, निर्दोष वाटला. माझ्या घरी यावर दोन तट आहेत आणि अजून निकाल लागलेला नाही. फक्त वर ठळक अक्षरात स्पॉयलर लिहा, गवतीचहाने अजून बघितलेला नसावा.